उजव्या टोकाची खुर्ची

कांबळे बाई कुठंही गेल्या तरी उजव्या टोकाच्या खुर्चीवर बसायच्या. स्टाफरूममध्ये, नाट्यगृहात, दवाखान्याच्या बाकावर, कुणाच्या साखरपुड्यात. दुसरं कुणी तिथं बसलेलं असलं तर त्याला गोड बोलून उठवायच्या. आम्हाला बरीच वर्षं वाटायचं, बाईंना एका कानानं कमी ऐकू येत असावं. मी एकदा मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहून हळू आवाजात प्राचार्यांबद्दल वाईट बोलून पाहिलं. बाईंनी मान न वळवता सांगितलं, "मराठीवाले, माझे कान दोन्ही चांगले हायत. हेच जरा मोठ्यानं बोलायची हिंमत असंल तर साहेब आत बसल्यात."

मी मराठी शिकवायचो, त्या इतिहास. कॉलेजही एकच आणि राहायची सोसायटीही एकच, त्यामुळं बाई मला सकाळी हजेरीची सही करताना भेटायच्या आणि संध्याकाळी कोथिंबीर निवडून घेताना. नाव शकुंतला. गाव हातकणंगल्याजवळ, वडील इचलकरंजीत यंत्रमागावर. ठेंगणा बांधा, सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा आणि पर्समध्ये कायम तिखट चुरमुऱ्याच्या भडंगाची पुडी. तासाला जाण्याआधी एक मूठ भडंग तोंडात टाकायच्या, वर पाणी प्यायच्या आणि थेट अडीच हजार वर्षं मागं निघून जायच्या. त्यांचा विषय प्राचीन ग्रीस.

कोल्हापुरात बसून ग्रीस शिकवणाऱ्या माणसाला एक प्रश्न ठरलेला असतो. आपला इतिहास काय कमी पडला? तो प्रश्न बाईंना पाहुण्या व्याख्यात्यांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारला होता. बाई सांगायच्या, "आपल्या इतिहासावर बोलायला लागलं की प्रत्येकाचा पणजोबा वर्गात येऊन बसतोय. मग खरं बोलायची चोरी. ग्रीसमधी कोल्हापूरचं कुणाचं पावणं न्हाय, म्हणून तिथल्या लोकांना नावं ठेवता येत्यात."

आणि त्या नावं ठेवायच्याही. अथेन्सच्या सभेचं कौतुक करता करता मध्येच थांबून पहिल्या बाकावरच्या मुलींकडं बघायच्या. "लई भारी लोकशाही होती. फक्त त्या सभेत तुला घेतलं नसतं, तुला घेतलं नसतं आणि मला तर झाडायला सुद्धा आत सोडलं नसतं. हे पण लिहून घ्या." मुली हसायच्या आणि लिहून घ्यायच्या.

जुलमी सत्ताधाऱ्याला ग्रीक लोक टायरंट म्हणायचे. या शब्दाला मराठी प्रतिशब्द द्या म्हणून बाई माझ्या मागं लागल्या होत्या. मी जुलमी, हुकूमशहा, सुलतान असे बरेच दिले. एकही त्यांना पटला नाही. त्यांचं म्हणणं, या शब्दांमधून माणूस पहिल्यापासूनच वाईट दिसतो. "तसं नसतंय ओ. टायरंट आधी लोकांना आवडलेलाच असतोय. त्यानं गावाला पाणी आणलेलं असतंय, कारंजी बांधलेली असत्यात. नुसतं पाण्याची चावी तेवढी त्याच्या खिशात राहती." हे त्या आमच्या सोसायटीतला प्रकार सुरू व्हायच्या कितीतरी आधी म्हणत होत्या, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

त्यांचा सगळ्यात गाजलेला तास परातींचा. मी तो योगायोगानं पाहिला. कॅन्टीनमध्ये चहा प्यायला गेलो तर कॅन्टीनवाला कपाळाला हात लावून बसलेला. कणीक मळायच्या सगळ्या पराती मॅडम घेऊन गेल्या होत्या. मैदानावर जाऊन बघतो तर बी.ए.च्या मुली एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभ्या आणि प्रत्येकीच्या डाव्या हातात परात. समोर एक पैलवान मुलगा, शाहूवाडीकडचा, मान म्हणजे ओंडका. बाईंनी त्याला विचारलं होतं की ग्रीक सैनिक रांगेत का लढायचे. तो म्हणाला होता, भित्रे असतील, मर्द एकटा लढतो. बाईंनी त्याला त्या रांगेवर सोडलं.

पहिल्या धडकेत एक मुलगी मागं सरकली. बाई ओरडल्या, "परात स्वतःच्या छातीपुढं धरू नगंस. ती तुझ्यासाठी न्हाय. निम्मी तुला झाकती, निम्मी डावीकडचीला. तू डावीकडचीला राख, तुला उजवीकडची राखतीया." मुलींनी पराती सरकवल्या. पराती एकमेकींवर चढल्या, फटी बुजल्या आणि ओळीची भिंत झाली. पैलवान पुन्हा आला, आपटला, तिसऱ्यांदा आला आणि चिखलात बसला. मग मुलींनी कुणीही न सांगता एकदम एक पाऊल पुढं टाकलं. तो बसल्या बसल्या मागं सरकला. मैदानाभोवती जमलेल्या पोरांनी जो गलका केला तो ऐकून प्राचार्य बाहेर आले. बाई त्यांना म्हणाल्या, "प्रात्यक्षिक सुरू हाय सर." इतिहासाला प्रात्यक्षिक असतं हे त्यांनाही तेव्हाच कळलं.

त्या पैलवानाला बाईंनी नंतर शेजारी बसवून भडंग दिलं. परतीच्या वाटेवर मला म्हणाल्या, "या रांगेत एकच घोटाळा असतोय. उजव्या टोकाला जो उभा असतो, त्याच्या उजवीकडं कुणीच नसतंय. त्याला राखणारी ढाल न्हाय. म्हणून तिथं सगळ्यात भरवशाचा माणूस उभा करायचे." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. त्यांच्या खुर्चीचा उलगडा मला तिथंच झाला.

दर वर्षी पन्हाळ्याला सहल न्यायच्या. सहलीची परवानगी मागताना कारण लिहायच्या, 'अथेन्सचा मुक्तिसंग्राम'. कार्यालयातला माणूस गोंधळून सही द्यायचा. धुक्यात तटावर उभं राहून बाई सांगायच्या. अथेन्स युद्धात स्पार्टाकडून हरलं. जिंकणाऱ्यांनी शहरावर तीस जणांचं राज्य बसवलं. त्या तिसांनी लोकांची हत्यारं काढून घेतली, जो बोलेल त्याला मारलं, त्याचं घर बळकावलं. मग थ्रासिब्युलस नावाचा एक परागंदा माणूस सत्तर जणांना घेऊन परत आला आणि डोंगरातल्या एका गढीवर जाऊन बसला. तिसांचं सैन्य त्याला काढायला आलं, तर बर्फ पडायला लागलं आणि सैन्य माघारी गेलं. सत्तरांचे पुढं शेकडो झाले आणि तिसांचं राज्य बुडालं. थ्रासिब्युलस हे नाव पोरांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याचा थ्रासोबा करून टाकला होता. ज्योतिबाच्या शेजारी थ्रासोबा खपून गेला. बाईंनाही ते आवडलं. परीक्षेत एकानं पूर्ण उत्तरात थ्रासोबा लिहिलं, तरी बाईंनी गुण कापले नाहीत.

आता आमच्या सोसायटीबद्दल. शिक्षक आणि नोकरदारांची सहकारी गृहनिर्माण संस्था. चेअरमन विश्वासराव. साखर कारखान्याच्या कार्यालयात उभी हयात घालवलेला माणूस. सुरुवातीला सोसायटीत प्यायला पाणी नव्हतं तेव्हा याच विश्वासरावांनी महापालिकेत खेटे घालून पाइपलाइन आणली. बोअर मारून पंप बसवला. आम्ही त्यांचा सत्कार केला, मानपत्र मीच लिहिलं. पंपाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडं राहिली, कारण कुणाकडं तरी राहायलाच हवी होती. ती त्यांच्या कमरेच्या जुडग्यात गेली आणि मग पुन्हा कधी बाहेर आली नाही.

वर्षं सरली तसे विश्वासराव बदलले. दर वर्षी एका रविवारी सकाळी समाजमंदिरात वार्षिक सभा व्हायची. सभा चालवायची विद्या ते कारखान्यातून शिकून आले होते. पहिल्या दोन रांगांत त्यांचे लोक भल्या सकाळी येऊन बसायचे. चेअरमननी विषय वाचला की ते "मंजूर, मंजूर" असा दणका उठवायचे. मागून कुणी बोलायला उठलं तर आवाज पोचायचा नाही. फारच गडबड झाली तर विश्वासराव उठून राष्ट्रगीत सुरू करायचे. राष्ट्रगीत म्हटल्यावर कोण बोलणार? सगळे ताठ उभे. ते संपलं की सभा संपली. दारात वडा-चहा तयारच असायचा. कोल्हापूरकडच्या माणसाला ही पद्धत नवी नाही.

बोललेल्याला नंतर भोगावं लागायचं. सुतारमामा एस.टी.त कंडक्टर होते, चंदगडच्या गाडीवर आयुष्य गेलेलं, आवाज घाटातल्या भोंग्यासारखा. त्यांनी एकदा पंपाच्या वेळेबद्दल विचारलं, तर त्यांच्या गळक्या छपरावर पत्रा घालायची परवानगीच मिळेना. शेजारच्या कुलकर्णीवहिनींनी आपल्या फाटकावर चेअरमनच्या वाढदिवसाचा फलक बांधू दिला नाही, तर त्यांच्या बाजूचं पाणी लवकर बंद व्हायला लागलं. मी त्याच वाढदिवसाला गौरवगीत लिहायचं टाळलं, तर कचऱ्याच्या घंटागाडीची थांबायची जागा माझ्या दाराशी आली. सगळी सोसायटी आपापले डबे घेऊन माझ्या अंगणासमोर जमायची. माझा निषेध मी नाकाला रुमाल लावून नोंदवत होतो.

आणि मंगल. मंगलचा नवरा इचलकरंजीत पाळीनं मागावर, आठवड्यातून एकदा घरी. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत ती पाळणाघर चालवायची. सोसायटीतल्या नोकरी करणाऱ्या सगळ्या बायकांची पोरं तिथं वाढली. एका सभेच्या आधी आम्ही सगळ्यांनी ठरवलं की या वेळी बोलायचं. सुतारमामा बोलणार, वहिनी बोलणार, मी बोलणार. पाण्याचा विषय आला. मामांनी माझ्याकडं बघितलं, मी वहिनींकडं बघितलं, वहिनींनी पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. उठली एकटी मंगल. "उन्हाळ्यात टँकर आला की आधी तुमच्याच टाकीत का रिकामा होतो, चेअरमनसाहेब?" एवढंच विचारलं तिनं. विश्वासराव हसले. म्हणाले, "तुमचा वैयक्तिक प्रश्न दिसतोय. नंतर हापिसात या." आणि राष्ट्रगीत.

पुढच्या महिन्यात तिला निरोप आला. मागची खोली संस्थेच्या कार्यालयासाठी लागणार आहे, पुढच्या वार्षिक सभेत तसा ठराव होईल, तोवर दुसरीकडं सोय बघा. दुसरीकडं सोय नव्हतीच. ती खोली गेली की पाळणाघर बंद आणि मंगलनं उभं केलेलं सगळंच संपलं.

मंगल रडत बाईंकडं आली तेव्हा मी तिथं कचऱ्याचं गाऱ्हाणं सांगायला गेलेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली बाई शेंगा सोलत बसलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "एका ग्रीक टायरंटनं दुसऱ्याकडं माणूस पाठवून विचारलं, राज्य कसं टिकवायचं? दुसरा काहीच बोलला न्हाय. त्या माणसाला पिकातनं फिरवून आणलं आणि चालता चालता जे कणीस वर आलेलं दिसलं ते तोडून टाकलं. तुझं तेच झालंय बघ, मंगल. चूक तुझी न्हाय." मग सुपातल्या शेंगा बाजूला ठेवून माझ्याकडं वळल्या. "चूक तुमची. रांग मोडली तुम्ही. लढाई सुरू झाली की प्रत्येक जण शेजारच्या ढालीआड जायला उजवीकडं सरकतोय. तुम्ही सगळे उजवीकडं सरकला आणि ही पोरगी उघडी पडली."

मी म्हटलं, "बाई, माणूस स्वतःचं गाऱ्हाणं मांडायला लागला की त्याची जीभ अडखळते. चेअरमन त्याला वैयक्तिक म्हणतात आणि मग काही उत्तरच उरत नाही."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हे त्यांचं काहीतरी सुचल्याचं लक्षण. "मग स्वतःचं मांडायचंच न्हाय की. ढाल डावीकडच्यासाठी असती. आपण डावीकडच्याचं बोलायचं."

पुढच्या सभेच्या आधी बाईंनी त्यांच्या अंगणात आमची तालीम घेतली. शब्दशः तालीम. संध्याकाळी चहाच्या वेळी खुर्च्या मांडल्या, प्रत्येकाला घरून परात आणायला सांगितली. मी म्हटलं, बाई, वयाचा तरी विचार करा. त्या म्हणाल्या, "थ्रासोबाकडं पण म्हातारे होते." आम्ही पराती धरून बसलो आणि एकेकानं उठून डावीकडच्याची अडचण सांगायची. गंमत अशी की स्वतःच्या छपराबद्दल कुरकुरणारे सुतारमामा कुलकर्णीवहिनींच्या पाण्याबद्दल बोलायला लागले की आवाजात घाट चढायचा. बाई फक्त एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होत्या. "सकाळी लवकर या. पहिल्या रांगा आपल्या."

सभेच्या रविवारी उजाडायच्या सुमाराला आम्ही समाजमंदिरात हजर होतो. पहिल्या दोन रांगा भरल्या. सोसायटीतल्या ज्या ज्या बाईचं पोर मंगलकडं वाढलं होतं ती आली होती. पहिल्या रांगेत उजव्या टोकाला कांबळे बाई, त्यांच्या डावीकडं सुतारमामा, मग कुलकर्णीवहिनी, मग मी आणि माझ्या डावीकडं मंगल. चेअरमनचे लोक नेहमीच्या वेळेला आले, तर त्यांच्या जागा गेलेल्या. ते बिचारे मागं जाऊन विखरून बसले. मागून त्यांचा "मंजूर" उठला खरा, पण चार कोपऱ्यांतून चार वेळेला आल्यामुळं त्यात दम राहिला नाही.

मागच्या खोलीचा ठराव वाचला गेला आणि बाई उठल्या. "चेअरमनसाहेब, मला तक्रार न्हाय. माझ्या डावीकडं सुतारमामा बसल्यात. त्यांच्या छपराला पत्रा घालायची परवानगी का अडलीया?"

"मामांना बोलू द्या की बाई. त्यांना तोंड आहे."

मामा उठले. "मला कायबी तक्रार न्हाय, साहेब. माझ्या डावीकडं कुलकर्णीवहिनी हायत. त्यास्नी पाणी अर्धंच का येतंय, तेवढं सांगा." हा आवाज शेवटच्या रांगेच्याही मागं, वडे तळणाऱ्यापर्यंत गेला.

"वहिनी, हा तुमचा वैयक्तिक प्रश्न..."

"माझा नाहीच आहे प्रश्न," वहिनी उठून म्हणाल्या. "माझं ठीक चाललंय. पण माझ्या डावीकडं सर बसलेत. सगळ्या सोसायटीचा कचरा त्यांच्याच दारात का, हे मला कळलं पाहिजे."

आता माझी पाळी. मागच्या सभेत मी इथंच कच खाल्ली होती. पण खरं सांगतो, उजवीकडं वहिनी उभ्या होत्या, पलीकडं मामा उभे होते आणि कुणीच खाली बसलेलं नव्हतं. मी उठलो आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "साहेब, मला तक्रार नाही. माझ्या डावीकडं मंगल बसलीय. तुमच्या-आमच्या सगळ्यांची पोरं तिनं सांभाळली. तिची खोली काढून घ्यायचा ठराव आम्हाला नामंजूर आहे."

दुसरी रांग उभी राहिली. मग तिसरी. विश्वासरावांनी नेहमीचं हत्यार काढलं. ताठ उभे राहिले आणि राष्ट्रगीत सुरू केलं. आम्हीही ताठ उभे राहिलो आणि इतक्या मोठ्यानं म्हटलं की त्या समाजमंदिरात तसं पुन्हा कधी झालं नसेल. गीत संपलं. विश्वासराव व्यासपीठावरून उतरले, दाराकडं गेले, वड्याच्या टेबलापाशी थांबले. मागं वळून बघतात तर सगळी सभा पुन्हा खाली बसलेली.

"सभा संपली," ते दारातून म्हणाले.

"राष्ट्रगीत संपलं," कुलकर्णीवहिनी म्हणाल्या. "सभा कुठं झालीय अजून?"

दारात तो माणूस थोडा वेळ एकटाच उभा राहिला. वडे गार होत होते. मग विश्वासराव परत आले, खुर्चीत बसले आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "विरोधात असतील त्यांनी हात वर करा." हात त्यांनी स्वतः मोजले. मागच्या कोपऱ्यांतले, त्यांच्या बाजूचेही काही हात वर होते. ठराव पडला. मंगलनं तोंडावर पदर घेतला. सुतारमामांनी मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला, तो अजून तसाच आहे. मला आयुष्यात मानसन्मान फारसे मिळाले नाहीत, पण त्या सकाळी मी एखादी लढाई जिंकून आल्यासारखा घरी चालत गेलो.

आठवडाभरात विश्वासरावांनी राजीनामा दिला. लोक विनवायला येतील, अशी त्यांची अटकळ असावी. लोकांनी तो मंजूर केला. पंपाच्या खोलीची किल्ली परत आली आणि तिच्या दोन प्रती काढल्या गेल्या. सुतारमामांनी हलगीवाला ठरवला, फटाके आणले. बेत असा की विश्वासरावांच्या दारात जाऊन वाजवायचं आणि एकेक जुनी गोष्ट ओरडून विचारायची. सगळे बाईंच्या अंगणात जमले. बाई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"वाजवा की. पण इथं वाजवा," त्या म्हणाल्या. "थ्रासोबाचं पुढचं तुम्हाला सांगितलंच न्हाय मी. जिंकल्यावर त्यांनी सगळ्यांनी मिळून शपथ घेतली. मागचं काढायचं न्हाय."

"त्या तीस जणांचं पण?" मामांनी विचारलं.

"त्या तिसांना माफी नव्हती. पण त्यांच्यातला जो आपल्या कामाचा जाब द्यायला लोकांपुढं उभा राहील, त्याला होती. ह्यो माणूस दारातनं परत आला, मामा. त्यानं स्वतः हात मोजले."

सगळ्यांच्या नजरा मंगलकडं गेल्या, कारण खरा घाव तिलाच बसला होता. मंगल म्हणाली, "मला न्हाय जमायचं विसरायला, बाई."

"विसर म्हणत न्हाय मी. काढू नगंस म्हणतीया. दोन्हीत लई फरक हाय."

मंगलनं पायानं माती उकरली. मग म्हणाली, "वाजवा हलगी. इथंच." हलगी बाईंच्या अंगणात वाजली आणि सुतारमामा त्या वयात असे नाचले की दोन दिवस शेकत बसले. पुढच्या जूनमध्ये विश्वासरावांची सून आपली लहान मुलगी घेऊन पाळणाघराच्या दारात उभी राहिली, मान खाली घालून. मंगलनं काही न विचारता पोरीला कडेवर घेतलं.

विश्वासराव सभांना यायचे बंद झाले. समाजमंदिरासमोरच्या बाकावर एकटे बसून असायचे. बाई जाता-येता त्यांना "काय चेअरमन" अशीच हाक मारायच्या. आम्हाला वाटायचं टोमणा आहे. नंतर कळलं, नाही.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते अशाच एका वार्षिक सभेत. त्यानंतर थंडीत त्या गेल्या, झोपेतच. पण मला बाई आठवतात त्या सभेच्या सकाळच्याच. गुडघे गेले होते. समाजमंदिराच्या उंच पायऱ्या भिंतीला हात लावत, थांबत थांबत चढून आल्या आणि नेहमीप्रमाणं उजव्या टोकाच्या खुर्चीवर बसल्या. आमची ती पद्धत आता पडूनच गेली होती. प्रत्येकानं उठून डावीकडच्याचं बोलायचं. नवीन आलेल्या भाडेकरूंनाही कुणी शिकवावं लागत नव्हतं. बाई मामांसाठी बोलल्या, मामा वहिनींसाठी, असं करत फेरी संपली. बाईंसाठी कुणी बोललं नाही. त्यांच्या उजवीकडं कुणी नसायचंच आणि हे आमच्यापैकी कुणाच्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. विश्वासराव आत आले. हातात बाहेरून उचललेली प्लॅस्टिकची खुर्ची. त्यांनी ती खुर्ची सावकाश पहिल्या रांगेत आणली, बाईंच्या उजवीकडं मांडली आणि बसले. मग पुन्हा उभे राहिले.

"मला तक्रार न्हाय," ते म्हणाले. कारखान्यातला तो जुना आवाज आता बराच बसला होता. "माझ्या डावीकडं कांबळे बाई बसल्यात. मी समोरच्या बाकावरनं रोज बघतोय. ह्या पायऱ्यांना धरायला कठडा न्हाय. बाई भिंत धरून चढत्यात. कठडा बसवावा, असा ठराव मांडतो."

बाई एकदम म्हणाल्या, "काही गरज न्हाय. नामंजूर." आणि एकट्यांनीच हात वर केला.

"मंजूर," मंगल म्हणाली.

"मंजूर," सुतारमामांनी घाटातला आवाज लावला आणि मग सगळं समाजमंदिर उठलं. पुढच्या रांगा, मागच्या रांगा, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, सगळ्यांचा एकच दणका. मंजूर, मंजूर. तोच जुना शब्द, तेच समाजमंदिर आणि मी इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच मनापासून ओरडलो.

बाईंचा हात अजून वरच होता. तो त्यांनी हळूहळू खाली घेतला. पर्स उघडली, भडंगाची पुडी काढली, एक मूठ स्वतः घेतली आणि पुडी उजवीकडं केली. विश्वासरावांनी चार दाणे उचलले.

"चेअरमन," बाई म्हणाल्या, "मूठभर घ्या की. सभा अजून संपली न्हाय."